मनकर्णाबाई कापगते यांचा कायमचा पत्ता

४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ही तारीख कोणालाही पडताळून पाहता येईल. इथून पुढे मात्र कागदांचा आधार सुटत जातो. मनकर्णा बाबुलाल कापगते यांचे जन्मवर्ष शिधापत्रिकेवर १९६४ आहे, मतदार ओळखपत्रावर १९६७ आहे, आणि त्यांची मुलगी उन्नती सांगते, "माय म्हने, धानकापनीचे दिवस होते, बस." या तिन्हींपैकी एकही नोंद अधिक विश्वासार्ह मानण्याचे कारण मला सापडलेले नाही.

मनकर्णाबाईंना मी पाहिले नाही. त्या २०२२ मध्ये वारल्या, आणि त्यांचे नाव मला २०२४ मध्ये एका यादीत भेटले. माझ्याजवळ आहेत ती त्यांची शिधापत्रिका, सर्वेक्षणाचा एक भरलेला फॉर्म, एक दुरुस्ती-अर्ज, उन्नतीशी झालेल्या चार भेटींची टिपणे आणि सुमंत नावाच्या सर्वेक्षकाशी झालेल्या दोन भेटींची. त्यांच्या तोंडचे जे शब्द पुढे येतात, ते या दोघांच्या आठवणीतून आलेले आहेत. आठवण माणसाला अनेकदा आहे त्याहून थोडे अधिक बोलके करते, हे वाचताना लक्षात ठेवावे.

मनकर्णाबाईंचे माहेर भंडारा जिल्ह्यात, साकोलीजवळच्या एका खेड्यात. १९८५ मध्ये त्यांचे लग्न ठरले. मुलाचे वडील कारखान्याच्या बांधकामावर आले होते आणि बांधकाम संपल्यावरही मजुरांच्या कॅम्पातच राहिले होते. मुलगा, बाबुलाल, कोक ओव्हनवर, म्हणजे कोळसा भाजण्याच्या भट्ट्यांवर, खलासी (मदतनीस कामगार) होता. मध्यस्थाने मुलाचे नाव नंतर सांगितले, आधी सांगितले ते असे: "पोट्टा परमानेंट आहे."

"परमानेंट म्हंजे?" मुलीच्या वडिलांनी विचारले.

"म्हंजे आता त्याले कोनी काढू शकत नाही."

दाराआडून ऐकणाऱ्या मनकर्णेला वाटले, याला घरातून कोणी काढू शकत नाही. हा किस्सा त्या पुढे आयुष्यभर हसत हसत सांगत असत.

या शब्दाबद्दल इथे थांबून लिहिणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. भिलाईतल्या कामगार घरांत 'परमानेंट' हे विशेषण उरलेले नाही. ते नाम झाले आहे. परमानेंट म्हणजे कारखान्याच्या कायम नोकरीतला माणूस. 'त्यांच्या घरी दोन परमानेंट आहेत', 'ती परमानेंटची बायको', 'परमानेंट गेला की क्वार्टर गेला', अशी वाक्ये मी स्वतः ऐकली आहेत. ठेक्यावर काम करणारा तो 'टेम्परवारी'. माणसे या दोन रकान्यांत विभागलेली असतात, आणि हे रकाने घरातल्या पोरांना अक्षरओळखीच्या आधी कळतात.

लग्नानंतर चार वर्षे मनकर्णाबाई कॅम्पातल्या एका खोलीत राहिल्या. १९८९ मध्ये बाबुलालना कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, एका सेक्टरात दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले. उन्नतीचा जन्म तिथला. ओळीत बारा क्वार्टर्स होती. आईकडून ऐकून उन्नतीला ती पाठ आहेत: एका घरचे लोक केरळातले, दोघे बिहारचे, एक ओडिशातल्या गंजामकडचे, एक बंगाली, एक तेलुगू, एक पंजाबी, असे. भिलाईला 'लघु भारत' म्हणण्याची पद्धत आहे, आणि ही ओळ पाहता ते म्हणणे खोटे नाही. पण मी उन्नतीला दुसराही एक प्रश्न विचारला: या बारा जणांचे हुद्दे काय होते? ती आठवत गेली, मी लिहीत गेलो. बाराही माणसे पगाराच्या दोन लगतच्या श्रेण्यांत बसली. भाषा अनेक होत्या; पगाराची चिठ्ठी जवळजवळ एकच होती.

यात कोणाचा डाव नव्हता. क्वार्टरचा आकार श्रेणीवर ठरे, आणि सारख्या आकाराची क्वार्टर्स एकत्र बांधलेली होती. एवढ्यानेच शेजार ठरत असे. शहरात श्रीमंत आणि गरीब वेगळे का राहतात, याचे एक नेहमीचे उत्तर असे असते की माणसांना आपल्यासारखीच माणसे शेजारी हवी असतात. या ओळीत तरी आधी वाटपाची यादी आली. आवडनिवड मागाहून आली. बंगाली शेजाऱ्यांना बढती मिळाली तेव्हा ते मोठ्या क्वार्टरात, दुसऱ्या सेक्टरात गेले. त्या घरच्या बाईंबद्दल मनकर्णाबाई म्हणत, "चटर्जीन आमच्या घरची लाल चाय दोन-दोन कप पेत होती. प्रमोशन झाल्यावर भेटाले गेली, तं म्हने, मी आता चाय घेत नाही, शुगर आहे. पाय बरं, सेक्टर बदलला आन शुगर झाली!"

एका ओळीवरून शहराबद्दल निष्कर्ष काढता येत नाही, हे मला मान्य आहे.

२००६ मध्ये दम्यामुळे बाबुलालनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि पुढच्या वर्षी क्वार्टर सोडावे लागले. त्या ओळीतली बहुतेक माणसे त्याच सुमारास निवृत्त होत होती, आणि त्यांच्या जागी तितके नवे परमानेंट येत नव्हते. कामे ठेक्यावर जात होती. बारा घरांचे पुढे काय झाले, हेही उन्नतीला ठाऊक आहे. ज्यांची मुले शिकून बाहेर नोकरीला लागली होती, अशा पाच घरांनी पश्चिमेकडच्या नव्या कॉलन्यांत घरे बांधली. चार घरे आपापल्या मुलखात परतली. एका घराचा ठावठिकाणा लागत नाही. उरलेली दोन पटरीपार गेली. त्यांतले एक कापगत्यांचे.

भिलाईत रेल्वेची मुख्य लाइन शहराच्या मधून जाते. एका अंगाला कारखाना आणि टाउनशिप. दुसऱ्या अंगाला सुपेला, कॅम्प, पावर हाउस या वस्त्या, आणि पुढे उत्तरेला जामुल. टाउनशिपमध्ये या दुसऱ्या अंगाला पटरीपार म्हणतात. कापगत्यांनी आधी सुपेल्यात भाड्याची खोली घेतली. बाबुलालचे आजारपण वाढले, भाडे झेपेना, तेव्हा २००९ मध्ये पावर हाउसच्या पलीकडे साइडिंग बस्तीत दीड खोलीचे घर घेतले. जुन्या क्वार्टरपासून तिथपर्यंत मी चालून पाहिले. अठ्ठावीस मिनिटे लागली. वाटेतले रेल्वेचे फाटक बंद असेल तर चाळीस.

घर बदलले, शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलला नाही. मनकर्णाबाईंनी एकदा आठवण केली, तेव्हा बाबुलाल म्हणाले, "राहू दे ना. सेक्टरचा पत्ता हाय तं उन्नतीचं लग्न सोपं जाईन."

"आन पावने सेक्टरात गेले तं?"

"तं तू आधीच फाटकावर जाऊन उभी राय."

२०११ मध्ये बाबुलाल गेले. मनकर्णाबाई टाउनशिपमध्ये, मोठ्या बंगल्यांच्या सेक्टरात, दोन घरी स्वयंपाकाला जाऊ लागल्या. त्यांतले एक घर नीरजाताईंचे. त्या माहेरच्या रायपूरच्या, त्यांचे यजमान अधिकारी. उन्नती सुपेल्यातल्या एका कापडाच्या दुकानात लागली. मायलेकी सकाळी एकत्र निघत. आई पटरी ओलांडून जाई, मुलगी सुपेल्याकडे वळे. संध्याकाळी जी आधी येईल ती भात टाकी. हे घर दोघींच्याही कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. बस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराचे तिथे असण्याचे कारण असेच काहीतरी होते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये बस्तीत सर्वेक्षण आले. एका आवास योजनेखाली बस्ती हटवून लगतच्याच मैदानावर चार मजली इमारती बांधायच्या होत्या. जे २०१५ पूर्वीपासून तिथे स्थायी राहत होते, त्यांना त्यांत सदनिका मिळणार होती. घरोघरी फॉर्म भरण्याचे काम एका खासगी संस्थेकडे होते. सुमंत त्या संस्थेत होता. वय सव्वीस, दुर्गचा, चार पिढ्यांपूर्वी येऊन स्थायिक झालेल्या मराठी घरातला. त्या दिवशी सकाळपासून तीस घरे त्याने हिंदीत उरकली होती. एकतिसाव्या दारात त्याला आतून हाक ऐकू आली, "उन्नते, दूध उतू जाऊन राहिलं वो!"

"काकू, तुम्ही मराठी का?" त्याने विचारले.

"माय! हा तं आपलाच पोट्टा निंगला! कुठचा गा तू?"

"दुर्गचा."

"म्हनून रेडिओवानी बोलून राहिला. तुया आजीनं तुले आपली बोली नाही शिकवली?"

"आजी बोलायची, काकू. आईनं आम्हाला बोलू दिलं नाही."

"बरं केलं. आमच्या उन्नतीले पाय, ना मराठी ना हिंदी, अर्धी कढी अर्धी दाल."

"माय, मैं सुन रही हूँ," उन्नती आतून म्हणाली.

सुमंतला बसवले, चहा दिला. नावे, वये, आधार क्रमांक झाले. फॉर्मवरचा सातवा प्रश्न हिंदीत छापलेला होता: 'क्या परिवार इस स्थान पर स्थायी रूप से निवासरत है?' आतापर्यंतच्या तीस घरी त्याने तो छापल्याप्रमाणे वाचला होता, किंवा 'यहीं रहते हो ना?' असे विचारले होते. इथे कागदाकडे न पाहता तो घरातल्यासारखा बोलला:

"काकू, तुम्ही परमनंट ना?"

"कायचे परमानेंट, बाबू! परमानेंट ते होते. ते गेले. आता आमी मायलेकी, दोघी बी टेम्परवारी."

"मग परमनंट असतानाचा पत्ता?"

मनकर्णाबाईंनी क्वार्टर नंबर, सडक नंबर, सेक्टर, एका दमात सांगितले. सुमंतला आठवते की हे सांगताना त्या ताठ बसल्या होत्या.

त्याने लिहिले: प्रश्न सात, 'नहीं'. स्थायी पत्ता: सेक्टरमधले क्वार्टर. निवासाचे स्वरूप: अस्थायी. मग शिधापत्रिका पाहिली. तिच्यावर तोच पत्ता होता.

मी सुमंतला विचारले, खोलीत इतक्या वर्षांचा संसार समोर दिसत असताना हे उत्तर खटकले कसे नाही? तो म्हणाला, "मला वाटलं, यांचं खरं घर टाउनशिपमध्ये आहे, काही अडचण म्हणून इथं राहतात. त्या बोलत तशाच होत्या. आणि मी खूश होतो हो. दिवसभरात पहिल्यांदा कोणी मला बसा म्हटलं होतं." दोघांची भाषा एक होती. एक शब्द मात्र दोघांना दोन वेगवेगळ्या घरांत मिळाला होता, आणि भाषा एकच असल्यामुळे तो तपासून पाहावा असे दोघांनाही वाटले नाही.

तो फॉर्म मी अनेकदा वाचला आहे. त्यात खाडाखोड नाही. प्रत्येक रकाना दुसऱ्याशी जुळतो, आणि जोडलेली शिधापत्रिका त्या सर्वांशी जुळते. अभिलेख म्हणून तो निर्दोष आहे.

जून २०१९ मध्ये अंगणवाडीच्या भिंतीवर यादी लागली. शेजारच्या गयाबाईंना वाचता येत नव्हते. त्या छत्तीसगढी, मूळच्या धमधा भागातल्या, आयुष्यभर ठेक्यावर विटा आणि गिट्टी वाहिलेल्या. उन्नतीने त्यांचे नाव शोधून दिले, अठ्ठावन्न क्रमांकावर. गयाबाईंनी भर रस्त्यात उन्नतीच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. मग म्हणाल्या, "अब तोर ला पढ़." आता तुझे वाच.

उन्नतीने यादी दोनदा वाचली. नाव नव्हते. यादीखाली वेगळा कागद होता: 'अस्थायी निवासी, अपात्र'. त्यावर एक्केचाळीस नावे होती. सतराव्या क्रमांकावर मनकर्णा बाबुलाल कापगते.

घरी येऊन तिने सांगितले, तेव्हा मनकर्णाबाई तांदूळ निवडत होत्या. "टेम्परवारी? मी? दहा वर्षं झाली वो इथं!"

"तूने ही तो बोला था, माय. चहा पाजून बोलली."

"मी नौकरीचं बोलली!"

"वो घर का पूछ रहा था."

गयाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना काही केल्या कळेना की असा प्रश्न चुकीचा ऐकू येतोच कसा. "मोला पूछिस त मैं कहेंव, इहें रहिथन, अउ कहाँ जाबो?" मला विचारले तेव्हा मी म्हटले, इथेच राहतो, आणखी कुठे जाणार? त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी परमानेंट झालेला नव्हता. त्यामुळे तो प्रश्न त्यांना नोकरीचा वाटण्याची शक्यताच नव्हती.

हरकतीसाठी पंधरा दिवस होते. सर्वेक्षणाच्या पावतीमागे सुमंतने आपला फोन नंबर लिहून दिला होता. उन्नतीने फोन केला. दुसऱ्याच दिवशी तो आला. मनकर्णाबाईंनी त्याला पुन्हा चहा दिला. त्याने तो घेतला नाही.

"चूक माझी आहे, काकू. मी लिहून देतो."

दुरुस्ती-अर्ज त्याने सोबत आणला होता. त्यात त्रुटीचे कारण म्हणून दोन चौकटी छापलेल्या होत्या: (क) सर्वेक्षक की त्रुटि, (ख) आवेदक द्वारा गलत जानकारी. उन्नतीने दोन्ही वाचून दाखवल्या आणि आईला अर्थ सांगितला.

"पहिल्या डब्यात खून केली तं याचं काय होईन?" मनकर्णाबाईंनी विचारले.

उन्नती म्हणाली, "निकाल देंगे, और क्या. काम ही गलत किया है."

"तुया कंपनीत तू बी टेम्परवारीच का गा?"

"हो, काकू. सहा-सहा महिन्यांचं पत्र मिळतं."

"लग्न?"

"ठरलंय. डिसेंबरात."

"पोरीकडच्यायले सांगतलं का, परमानेंट नाही म्हनून?"

"सांगितलं."

"आन तरी देऊन राहिले?" मनकर्णाबाई हसल्या. "बरे लोक हायेत. जपून राय."

यापुढचे उन्नतीच्या सांगण्यानुसार असे. आईने सुमंतच्या हातून कागद घेतला आणि दुसऱ्या चौकटीत खूण केली. उन्नतीने तिचे मनगट धरले. "माय, पागल हो गई क्या? आपलं घर जाईन." आई म्हणाली, "सोड. बोलली तं मीच ना? साहेबायले समजावून सांगू, मानूस हाय, समजते." मग तिने सही केली. सुमंतने कागद घेतला, आणि तिघेही कार्यालयात गेले.

तिथे समजावून सांगण्याची वेळ आली नाही. खिडकीवर अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. सप्टेंबरमध्ये उत्तर आले. अर्जदाराने चुकीची माहिती दिल्याचे स्वतः मान्य केले आहे. शिधापत्रिकेवरून टाउनशिपमधील निवास सिद्ध होतो. त्या क्वार्टरात आपण राहत नसल्याचा दाखला सात दिवसांत आणावा. मायलेकी जुन्या क्वार्टरवर गेल्या. तिथे राहणाऱ्या बाईंनी दार उघडले, पाणी दिले, "हम तो छह साल से हैं" असेही सांगितले. मात्र लिहून देण्यास नकार दिला: पुढे काही झाले तर? सात दिवस संपले. त्या दोघींना नेमका कोणत्या कार्यालयातून दाखला मिळाला असता, हे मला आज कागद समोर असूनही खात्रीने सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये बस्ती हटवली. यादीतल्या कुटुंबांना इमारत पूर्ण होईपर्यंत मैदानाच्या कडेला पत्र्याचे निवारे मिळाले. एक्केचाळीसांना काही मिळाले नाही. उन्नतीने सुपेल्यात खोल्या पाहिल्या. बस्ती उठल्यामुळे भाडी वाढली होती. परवडणारी खोली जामुलला मिळाली, सिमेंट कारखान्याच्या बाजूला. तिथून उन्नतीला सुपेल्याला येणे बसने जमत होते. मनकर्णाबाईंना मात्र सकाळी सहाला पटरीपलीकडच्या बंगल्यात पोचायचे तर दोन वाहने बदलावी लागत, आणि पहिले वाहन सहानंतरच निघे.

तेव्हा नीरजाताईंनी आउटहाउसचे सुचवले. बंगल्यामागे नोकरांसाठी एक खोली होती, कितीतरी दिवस रिकामी.

"इथेच राहा, मनकर्णाबाई. येण्याजाण्याचा त्रास नको. लाइट-पाणी सगळं आहे."

"आन उन्नती?"

"अहो, खोली एकाच माणसाची आहे. काम करणाऱ्यालाच ठेवता येतं, नियम आहे. यजमानांना उगाच कोणी बोललं तर?"

असा लेखी नियम मला सापडलेला नाही. नीरजाताई खोटे बोलल्या, असेही मी म्हणत नाही. त्यांना तसे सांगितले गेले असेल. त्यांनी देऊ केलेली मदत खरी होती. श्रीमंत सेक्टरात गरीब माणसाला राहण्याची एवढीच एक वाट उघडी होती, आणि ती एकट्याने जाण्याची होती.

मनकर्णाबाईंनी तीन दिवस उत्तर दिले नाही. मग उन्नतीला म्हणाल्या, "दोन महिने जाते. पैसे जमले का सुपेल्यात खोली घेऊ. तवरक तू तिकडं, मी इकडं." त्या आउटहाउसमध्ये गेल्या त्याच महिन्याच्या शेवटी. मार्चमध्ये देशभर टाळेबंदी लागली. उन्नतीचे दुकान बंद झाले. जामुल आणि सेक्टर यांच्यामध्ये वाहन उरले नाही. बंगल्यात बाहेरून येणाऱ्या मोलकरणी बंद केल्या होत्या, त्यामुळे घरातले सारे काम आउटहाउसमध्ये राहणाऱ्या मनकर्णाबाईंकडे आले. मायलेकी फोनवर बोलत. मनकर्णाबाई विचारत, "काय केलं जेवाले?" उन्नती खिचडी सांगे. नंतर उन्नतीला कळले की आईही रोज खिचडी सांगत असे, आणि दोघींचेही ते खरे नव्हते.

त्या पुन्हा भेटल्या जूनमध्ये, पावर हाउसच्या बाजारात. त्यानंतर दर पंधरवड्याला तिथेच भेटत: एक पटरीकडून येई, एक जामुलच्या बसने. तासभर बोलत, भाजी घेत आणि आपापल्या दिशेला जात. 'दोन महिने' या शब्दांचा उल्लेख दोघींपैकी कोणी पुन्हा केला नाही, असे उन्नती सांगते.

ऑगस्ट २०२२ मध्ये मनकर्णाबाईंना ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी पोळ्या करायला आल्या नाहीत म्हणून नीरजाताई मागे पाहायला गेल्या. इस्पितळात नेले, दुपारी त्या गेल्या. उन्नतीला फोन दुकानात आला.

मृतदेह कुठे न्यायचा, हा प्रश्न होता. बंगल्यातून नेणे बरे दिसणार नाही, असे तिथले मत पडले. जामुलच्या घरमालकाने नकार दिला. भाडेकरूच्या आईचे तिथे काय, असे त्याचे म्हणणे. उन्नती इस्पितळाच्या ओट्यावर बसली होती तेव्हा गयाबाई आल्या. त्यांना बातमी कोणी दिली, हे कोणाला आठवत नाही. त्यांना आता इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सदनिका मिळाली होती.

"मोर दुवारी ले उठही," त्या म्हणाल्या. माझ्या दारातून उठेल.

लिफ्ट नव्हती. म्हणून तिरडी खाली, इमारतीच्या मोकळ्या जागेत बांधली. जुन्या बस्तीतली साठ-सत्तर माणसे जमली. सुमंत आला होता. तो कडेला उभा राहिला आणि उन्नतीशी बोलला नाही.

उन्नती आजही जामुलला राहते. सुमंतचे लग्न ठरल्याप्रमाणे झाले. तो आता दुसऱ्या संस्थेत आहे, तेही करारावर.

जे माहीत नाही, ते असे. त्या एक्केचाळीस कुटुंबांपैकी मला आतापर्यंत नऊ सापडली. त्यांतल्या सहा घरांत पूर्वी कोणी ना कोणी परमानेंट होते. हे प्रमाण बोलके वाटते, पण नऊ घरांवरून उरलेल्या बत्तीसांबद्दल काहीही म्हणता येत नाही, आणि ती बत्तीस घरे आज कुठे आहेत हे कोणत्याही कागदात नाही.

दुसरे त्या अर्जाबद्दल. त्याची मूळ प्रत मी पाहिली आहे. मजकूर निळ्या शाईत आहे. तो आपण भरला, हे सुमंत मान्य करतो. खालची सही काळ्या शाईत आहे. ती मनकर्णाबाईंची, उन्नतीच्या पेनाने केलेली. (ख) चौकटीतली खूण निळी आहे. उन्नती ठामपणे सांगते की खूण आईने केली, आणि पेन कोणाचे होते ते तिने पाहिले नाही. सुमंतला मी दोन वेगवेगळ्या दिवशी विचारले. पहिल्यांदा तो म्हणाला, "काकूंनी केली." दुसऱ्यांदा म्हणाला, "आठवत नाही." एकाच पेनाने दोघे लिहू शकतात, त्यामुळे शाईवरून काही सिद्ध होत नाही.

ती खूण कोणाच्या हातची, हे माहीत नाही. ती (क) चौकटीत असती तर नाव यादीत आले असते का, हेही माहीत नाही; त्या वर्षी (क)मध्ये खूण असलेले किती अर्ज आले आणि त्यांतले किती मंजूर झाले, याची नोंद मी मागितली आहे. ती अद्याप मिळालेली नाही.